एरचचा रतीब

सुट्या पार्सलांवर माणूस जगत नाही, हे कळायला मला झाशीचा एक अख्खा उन्हाळा लागला. कुरिअर कंपनीची इथली शाखा बंद झाली, तेव्हा मी तिच्या काउंटरवर केस पिकवून बसलो होतो. मॅनेजरने जाताना हात हातात घेतला आणि म्हणाला, "आपको तो सब जानते हैं, अपना काम खोल लीजिए." मला ते खरं वाटलं. मोटरसायकल होतीच. एका ओळखीच्या वेल्डरकडून मागे पत्र्याची पेटी बसवून घेतली आणि तिच्यावर पिवळ्या रंगात आजच्या आज पोचवण्याचं वचन लिहून घेतलं.

ओळखत सगळेच होते, ते खोटं नव्हतं. पण ओळखीचा माणूस करतो काय? वर्षातून एकदा राखीचं पाकीट देतो, नाहीतर विसरलेला चार्जर पोचवायला सांगतो, आणि वर घासाघीस करतो. "अरे भैया, उधर से तो निकल ही रहे हो." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं आजही सटकतं. मी कुठेही निघालेलो नसायचो. ओरछा गेटपासून गावाच्या पार दुसऱ्या टोकाला एक लिफाफा न्यायचा, साहेब घरी नाहीत म्हणून उन्हात फाटकाशी ताटकळायचं आणि मोकळ्या हातांनी परत यायचं. पेट्रोल जाता-येता दोन्ही वेळा जळतं, पैसे मात्र एकाच वेळचे मिळतात. कंपनीत असताना ही मोकळी परतफेरी माझ्या डोळ्यांना कधी दिसली नव्हती, कारण ती दुसऱ्याच्या खिशातून जायची.

मग डोकं लावलं. मला हवं होतं एक ठरलेलं गिऱ्हाईक, लांबचं आणि रोजचं. त्या एकाने पेट्रोल काढायचं आणि त्याच रस्त्यावरच्या बाकीच्यांनी पोट. इथे हिंदीत त्याला बंधी म्हणतात, दुधाची असते तशी. मी बंधी शोधत दारोदार फिरलो. वकिलांकडे गेलो, तर त्यांची कामं मुन्शी करत. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकानदार माल बसच्या टपावर टाकून मोकळे होत. मग मनात आलं, आपण मराठी आहोत, त्याचा तरी उपयोग करू.

मोठ्या कारखान्याच्या वसाहतीत महाराष्ट्रातून बदलून आलेले इंजिनिअर राहतात. त्यांच्याकडे मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. "मी टाईमवर पोचवून देईन, आपण चिंता नका करू," असं मी म्हटलं की त्यांच्या बायका ओठ दाबून हसायच्या. चहा मिळायचा, पोहे मिळायचे. "तुमचं मराठी किती गोड आहे हो," असं कौतुक व्हायचं, आणि माझ्यादेखत साहेब मोबाईलवर दुसऱ्याच कंपनीचं पिकअप बुक करायचे. आमचं घराणं इथे दोनअडीचशे वर्षांपासून आहे, पण त्यांच्या लेखी मी मराठी बोलणारा एक भैया होतो. राग यायचा. पण पोह्यांची बशी हातात धरून कुणावर रागावता येत नाही.

घरी बायको काही बोलत नसे. ती ग्वाल्हेरची, तिच्या माहेरी मराठी अजून धड बोलली जाते, आणि न बोलण्याचीही तिची एक शुद्ध पद्धत आहे. तिच्या भावाचं ग्वाल्हेरला नळाच्या सामानाचं दुकान. "भावजी, या इकडे. काउंटरवर बसा, पंख्याखाली," असं तो दर आठवड्याला फोनवर सांगायचा. वाईट माणूस नाही तो. पण मेहुण्याच्या काउंटरवर, मेहुण्याच्या पंख्याखाली, त्याच्या गिऱ्हाइकांना तोट्या दाखवत म्हातारं व्हायचं, या कल्पनेने माझा घास घशाखाली उतरत नसे. दिवाळीपर्यंत रोजचं काम लागलं नाही तर घर आवरून ग्वाल्हेर गाठायचं, असं आमचं ठरलं होतं. ठरवलं तिने, मान मी हलवली.

बंधी मिळाली ती बड्या बाजारातल्या औषधांच्या एका ठोक दुकानदारामुळे. तो म्हणाला, "एक आपकी मराठी वाली माताजी हैं. रोज़ एरच दवा भिजवाती हैं, बस के कंडक्टर के हाथ. आधे दिन तो पहुँचती ही नहीं." मी पत्ता घेतला आणि त्याच पावली गेलो.

खालच्या मजल्यावर कोचिंग क्लास आणि वर ही बाई एकटी. सत्तरीच्या पुढची, ताठ बसणारी, रेल्वेतल्या नवऱ्याच्या पेन्शनीवर जगणारी. मी मराठीत नमस्कार केला तशी तिने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"कुठले रे तुम्ही?"

"इथलेच, मावशी."

"इथले म्हणजे बदलीवाले की आधीचे?"

"आधीचे."

एवढ्यावर तिने मला आत घेतलं. तिचा धाकटा भाऊ एरचला होता. जन्मभर तिथल्या शाळेत मास्तरकी केली, लग्न केलं नाही, आणि बेतवेचा काठ सोडून मी कुठे येणार नाही म्हणून आजारपणातही तिथेच हटून बसला. घशाखाली घट्ट काही उतरत नव्हतं. आजाराचं नाव तिने घेतलं नाही, मीही विचारलं नाही. रोज एक इंजेक्शन लागे, ते बर्फातून न्यायला हवं, कारण तिकडे लाईट जाते आणि फ्रिजमधलं औषध नासतं. शिवाय भाताची पेज. ती मात्र बहिणीच्याच हातची, दुसऱ्या कुणाची तो तोंडाला लावू देत नसे.

"मग तुझा रतीबच लावते," ती म्हणाली. मी मान डोलावली. रतीब म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. माझी ही जुनी सवय आहे. मराठी शब्द अडला की होकार द्यायचा आणि घरी जाऊन बायकोला विचारायचं. बायको म्हणाली, "अहो, बंधीच ती! आपल्यात रतीब म्हणतात." मी तो शब्द दोनतीनदा मोठ्याने म्हणून पाहिला. मला तो फार आवडला.

दुसऱ्या दिवशीपासून सकाळी मी तिच्याकडे जायचो. ती पेज गाळून स्टीलच्या थर्मासात भरून ठेवायची. वर तुपाचा थेंब, किंचित मीठ, आणि थर्मासच्या तोंडाला पातळ धुवट फडकं बांधलेलं. इंजेक्शनचा डबा वेगळा, बर्फाचा. चिरगाव, मोंठ मागे टाकून पुढे हायवे सोडायचा आणि मग खड्ड्यांतून पेज हिंदकळू न देता एरच गाठायचं. तिथे त्यांची देखभाल करणारी एक बाई दारातच उभी असायची. डबे घ्यायची, कालचे द्यायची. कधी कधी रक्ताची नळीही द्यायची, झाशीच्या लॅबसाठी. म्हणजे परतफेरीही मोकळी नाही! त्या आनंदात पहिल्या दिवशी मी परतीच्या रस्त्यावर एकटाच मोठ्याने गात आलो, आणि मला गाता येत नाही.

एका रतीबाने रस्ता उघडला. दातांच्या कवळ्या बनवणारी झाशीतली एक लॅब होती. तिचा चिरगावला एक डॉक्टर होता. त्याच्याकडचे जबड्यांचे साचे आणायचे आणि तयार कवळ्या पोचवायच्या. मोंठच्या दोन औषध दुकानांचा माल मिळाला. झाशीतच संध्याकाळी चष्म्याच्या एका दुकानाचं काम लागलं, घासून आलेल्या काचा गावभर वाटायचं. हा चष्मेवाला चोख माणूस, गोड बोलायचा नाही, पण काम रोज द्यायचा. दसऱ्याच्या सुमाराला माझी पेटी दोन्ही बाजूंनी भरलेली जायला लागली. मेहुण्याचा फोन आला की आता मी स्वतः उचलायचो आणि धंद्याचं सांगत बसायचो. त्याला जांभई आली तरी सोडायचो नाही.

पण या सगळ्याच्या मुळाशी एक माणूस खाटेवर पडून होता, आणि ते मला एका क्षणासाठीही विसरता येत नव्हतं. एरचचा खर्च निघाला तरच चिरगाव आणि मोंठ परवडत होतं. ती खाट रिकामी झाली की सगळा रस्ताच बसला. म्हणून रोज पेटीला कुलूप लावताना मी मास्तरांच्या आयुष्यासाठी हात जोडायचो. माझ्या स्वतःच्या बापासाठी मी देवाकडे इतकं मनापासून कधी मागितलं नव्हतं. देखभालीच्या बाईला विचारायचो, "कैसे हैं आज?" ती "ठीक हैं" म्हणाली की मला हायसं वाटायचं. "आज कुछ ढीले हैं" म्हणाली की माझं मन वाटेतल्या पेट्रोलचा हिशोब करायला लागायचं. कधी आत जाऊन बघायचो. मास्तर उशीवर मान वळवून "आलास?" एवढंच विचारायचे. मी म्हणायचो, "हो काका." त्या एका शब्दासाठी ते केवढा श्वास खर्च करायचे! मला त्यांची दया यायची. खोटं नाही सांगत, खरंच यायची. पण दयेच्या जोडीला ती दुसरी भीतीही यायची, आणि दोघींतली कुठली मोठी होती, हे ठरवायचं मी टाळत होतो.

दिवाळी आठवड्यावर आली होती. त्या दुपारी मी नेहमीसारखा एरचहून परतलो होतो आणि बड्या बाजारात चष्म्याच्या काचा घेत होतो, तेव्हा मावशींचा फोन आला. त्या कधी फोन करत नसत.

"उद्यापासून रतीब वाढव आता," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच, सपाट.

"हो मावशी, वाढवतो. कोई बात नहीं."

"बरं." आणि फोन ठेवला.

मी तिथेच दुकानाच्या पायरीवर बसलो. रतीब वाढव! म्हणजे आता संध्याकाळीही फेरी. डॉक्टरने दोन वेळा इंजेक्शन सांगितलं असणार. मीच एकदा त्यांना बोलून बसलो होतो, गरज पडली तर दोन्ही वेळा जाईन म्हणून. म्हणजे आता ग्वाल्हेर कायमचं टळलं. या वेळी मी बायकोला शब्द विचारला नाही. विचारणार कशाला? हा शब्द मला येत होता. वाढवणं म्हणजे बढ़ाना, आणखी काय असणार?

चष्मेवाल्याला मी तिथल्या तिथे सांगून टाकलं की उद्यापासून संध्याकाळी जमणार नाही, लांबचं मोठं काम आलं आहे. जरा तोऱ्यातच सांगितलं. तो म्हणाला, "सोच लीजिए, बाद में जगह नहीं रहेगी." मी म्हटलं, सोच लिया. मग पुढच्या दुकानातून एक नवा थर्मास घेतला, चांगला, दुहेरी झाकणाचा. घरी बायकोला सांगितलं, "एरचचं काम दुप्पट झालं." तिने माझं वाक्य ऐकलं, मावशींचं नाही. तिने देवापुढे साखर ठेवली.

सकाळी मी लवकर गेलो. जिन्यात दोनतीन जोडी चपला होत्या. मला वाटलं, दिवाळीचे पाहुणे. वर दार उघडंच होतं. शेजारच्या दोन बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मावशी त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत. गॅस बंद होता, ओटा कोरडा. हे सगळं मी बघितलं, पण डोक्यात शिरलं नाही. मी थर्मास वर धरला, अगदी हसतमुखाने.

"मावशी, हा दुसरा आणला. आता सकाळ-संध्याकाळ दोन्ही टाईम काकांना ताजी पेज मिळेल."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "कशाला?"

"तुम्हीच तर म्हणालात ना, रतीब वाढव."

भिंतीजवळच्या एकीने तोंडाला पदर लावला. मावशींनी डोळे मिटले, उघडले. मला वाटलं, आता ओरडतील. त्या ओरडल्या असत्या तर फार बरं झालं असतं. त्या सावकाश, एकेक शब्द सुटा करून, मला समजावा म्हणून हिंदीत बोलल्या. माझ्याशी त्या कधीच हिंदी बोलल्या नव्हत्या.

"भैया, वो नहीं रहे. कल दोपहर में. अब बंद करना है. आप समझे?"

आप. भैया. पहिल्या दिवसापासून मला अरे-तुरे करणारी ही बाई, आधीचा म्हणून आत घेणारी. मी "जी" म्हटलं. थर्मास कुठे ठेवावा ते कळेना, तो तसाच छातीशी धरून मी जिना उतरलो. खाली कोचिंग क्लासमध्ये मुलं एकसुरात काहीतरी म्हणत होती.

आदल्या दिवशी मी एरचहून निघाल्यावर तासाभरात मास्तर गेले होते. देखभालीच्या बाईकडे माझा नंबर नव्हता, तिने फोन केला तो बहिणीला. आणि बहिणीने मला कळवलं, तिच्या घरच्या भाषेत. तिच्या घरात काही संपत नाही, काही बंद होत नाही. तांदूळ संपले की वाढले म्हणायचं, बांगडी फुटली की वाढली. बायकोने मला हे समजावलं तेव्हा ती रडत होती. "अहो, पूजेचा नारळ वाढवतात, तसं. दुकान वाढवतात. तुमच्याकडे कुणीच म्हणत नव्हतं?" म्हणत असतील. आजी गेली, मग वडील घरातही हिंदीच बोलायला लागले, आणि आम्ही नारळ सरळ फोडायला लागलो. वाईट याचं वाटतं की बड्या बाजारातले जुने दुकानदार शटर ओढताना हेच म्हणतात, दुकान बढ़ा रहे हैं. मी ते आयुष्यभर ऐकलं आहे. हिंदीत मला कळलं असतं. मराठीत मी उगाच खुशीत आलो.

मला मावशींचा राग आला, हेही सांगून टाकतो. सरळ सांगता येत नव्हतं का, की माझा भाऊ गेला? शब्दांना सोवळं नेसवून फोन कशाला करायचा? मग लक्षात यायचं की तिने सरळच सांगितलं होतं, आपल्या माणसाला सांगावं तसं. तिने मला आपला समजण्यात चूक केली. तो राग मग माझ्यावरच फिरायचा आणि मी दिवसभर पेटीची कडी उगाच आपटत राहायचो. तेराव्यानंतर मी भेटायला गेलो. त्या नीट बोलल्या, पाणी दिलं, "बैठिए" म्हणाल्या. मराठी एक शब्द नाही. मी उठून निघालो.

रस्ता बसायला वेळ लागला नाही. नुसत्या चिरगाव-मोंठसाठी पेट्रोल परवडेना, कवळ्या मग बसने जायला लागल्या. चष्म्याच्या दुकानात गेलो तर तिथे दुसरा माणूस काचा मोजून घेत होता. चष्मेवाल्याने माझ्याकडे बघून फक्त खांदे उडवले. दिवाळीच्या फराळाला मेहुणा आला. त्याने काही विचारलं नाही, त्यानेच जास्त लागलं. पाडव्याला बायकोने माळ्यावरच्या ट्रंका खाली काढून पुसायला घेतल्या.

त्याच आठवड्यात मी एका खाजगी दवाखान्याच्या मागच्या दाराशी गेलो. तिथे वॉर्डबॉय बिडी प्यायला येतात. धंद्याची वाट आता मला पाठ झाली होती. लांबचं, रोजचं, दोन्ही बाजूंनी. हे देणारा माणूस वकील नसतो, दुकानदार नसतो, साहेब तर नसतोच. मी एका वॉर्डबॉयला काडी दिली आणि विचारलं, "भैया, कोई बाहर का मरीज़ है क्या, जिसका रोज़ कुछ जाता हो? दवा, खाना, सैंपल, कुछ भी."

"कैसा मरीज़ चाहिए?" त्याने विचारलं. त्याला नवल वाटलं नाही.

"लंबा चलने वाला," मी म्हणालो. शब्द शोधावे लागले नाहीत.

त्याने धूर सोडला, बाजारात माल आठवावा तसं आठवून बघितलं. "एक है. मोंठ के पास गाँव है उसका. अगले हफ़्ते घर ले जा रहे हैं, नली लगी रहेगी. अभी जवान है, तीस का भी नहीं होगा. चलेगा."

तरुण आहे, हे ऐकून मला बरं वाटलं. मी नंबर लिहून घेतला.